उंबरठ्याच्या आतले हसू

विनोद शोधावयाचा तर तो सभेत, कचेरीत, बाजारात किंवा रंगभूमीवर शोधावा, अशी सामान्य समजूत आहे. घर म्हटले की वाण्याची यादी, दुधाचा हिशेब, मुलांची आजारपणे आणि पावसाळ्यापूर्वी उरकावयाची शंभर कामे. त्यात हसण्यासारखे काय असावयाचे, आणि लिहिण्यासारखे तर त्याहून काय असावयाचे, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः विनोदाचे सर्वांत समृद्ध कोठार घरातच असते. मात्र त्या कोठाराची किल्ली कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

घरातच विनोद इतका का पिकतो, याचे कारण उघड आहे. बाहेर वावरताना मनुष्य आपला मोठेपणा नीट सावरून असतो. घरी त्याला तो सावरण्याची सोय राहत नाही. शेकडो माणसांवर अधिकार गाजविणारे गृहस्थ, चष्मा कपाळावर असताना तो शोधण्यासाठी साऱ्या घराला कामास लावतात. शिवाय घरातील प्रत्येकाचे शास्त्र स्वतंत्र. गृहिणी रिकामे डबे ‘कधीतरी लागतील’ म्हणून माळ्यावर जपते. गृहस्थ जुने अंक त्याच कारणास्तव पलंगाखाली रचतात. आणि दोघेही एकमेकांच्या संग्रहास अडगळ म्हणतात. तयारी मोठी आणि प्रसंग लहान, निश्चय अढळ आणि मुद्दा फोल, या विसंगतीतूनच हास्य उगवते.

ही विसंगती मराठीत ज्यांनी अचूक हेरली, त्यांत चिंतामण विनायक जोशी (१८९२–१९६३) यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. हे गृहस्थ बडोद्यास पाली भाषेचे प्राध्यापक होते. पण त्यांचे नाव घरोघरी पोचविले ते चिमणरावाने. १९३३ साली ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ प्रसिद्ध झाले आणि एका सामान्य कारकुनाचा संसार साऱ्या महाराष्ट्राने आपला मानला. पत्नी काऊ, मुले आणि मदतीस धावून पेच अधिकच वाढविणारा गुंड्याभाऊ, एवढ्याच भांडवलावर हा पसारा उभा आहे. त्यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की ही फजितीची कथा चिमणराव स्वतःच सांगतो. इतरांना हसण्यापूर्वी त्याने स्वतःला हसू दिले आहे. म्हणून त्या हास्याने कोणी दुखावत नाही.

सर्वच घरांतील हास्य असे निरुपद्रवी असते काय? एखाद्या नव्या सुनेची पहिली पुरणपोळी तव्यावर फुटते. त्या दिवशी सारे हसतात, तीही हसते. तेथवर ठीक आहे. पण पुढे दहा वर्षे प्रत्येक पाहुण्यासमोर तीच गोष्ट रंगवून सांगितली जाते. सांगणाऱ्याच्या लेखी ती गंमत असते. ऐकणारीच्या लेखी तो दर सणाला नव्याने भरावा लागणारा दंड असतो. थट्टेचा विषय नेहमी एकच व्यक्ती होत असेल, तर त्या घरात विनोद नांदत नाही, केवळ सत्ता नांदते, असे मी म्हणेन.

तीच गोष्ट जिची तिने सांगितली म्हणजे केवढा पालट होतो, हे पाहावयाचे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ उघडावी. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघालेल्या या ग्रंथात सुखाचा वाटा थोडाच आहे. माहेरी वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्याने सारे घर गांजलेले. सासरी नारायण वामन टिळकांसारखा लहरी, अकस्मात घर सोडून जाणारा पती. आणि १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर वाट्यास आलेली काही वर्षांची ताटातूट. रीतसर शालेय शिक्षण न लाभलेल्या या बाईंनी हे सारे कढ न काढता, खेळकर वाणीने सांगितले. दुःख त्यांनी लपविले नाही, त्याला फक्त आपल्यावर मात करू दिली नाही. त्यांच्या हास्यात सूड नाही, आणि लाचारीही नाही.

यावरून मला एक साधा नियम सुचतो. घरातील गमतीची गोष्ट ज्याची असेल, त्यानेच ती सांगावी. इतरांनी सांगावयाची तर त्याची संमती पाहून सांगावी. आणि सांगून झाल्यावर ती लिहूनही ठेवावी. जमाखर्चाच्या वहीचे शेवटचे पान त्यास पुरेसे आहे. त्यासाठी लेखक असावे लागत नाही. काय घडले, कोण काय बोलले, एवढे दोन ओळींत टिपले म्हणजे झाले. असे पान भरू लागले की नजर आपोआप तीक्ष्ण होते, आणि काल जे त्रासदायक वाटले तेच आज सांगण्याजोगे वाटू लागते.

घरातील कटकटी याने कमी होतील, असे आश्वासन मी देत नाही. चष्मा हरवतच राहील आणि माळ्यावरील डबे वाढतच जातील. पण ज्या घरात वडील माणूस आपली फजिती मुलांदेखत सांगू शकतो, त्या घरातील मुले चूक करण्यास भितात कमी आणि ती बोलून दाखविण्यास लाजतातही कमी. एवढा लाभ कोणत्याही जमाखर्चात जमेच्याच बाजूस मांडावा लागेल.