सांधणारे हात
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवप्रसंगी संस्थापकांचे, पूर्वीच्या धर्मगुरूंचे व देणगीदारांचे स्मरण करण्याचा प्रघात आहे, व तो योग्यच आहे. परंतु आज आम्ही अशा एका पुरुषाचे स्मरण करणार आहोत, की ज्यांचे नाव आपल्या मंदिरातील कोणत्याही शिळेवर नाही. आपले नाव कोठेही छापू नये, असे त्यांनी आम्हांस हयातीतच बजावले होते. ती इच्छा आम्ही पाळतो. आपण सर्व त्यांस ‘मिस्त्री’ म्हणत असू, तेवढे पुरे आहे. ज्या नगरीत बाबूराव पेंटर यांनी स्वतः कॅमेरा घडवून १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली, व ज्यांचे कुळनावही मेस्त्रीच होते, त्या कोल्हापुरात ही पदवी काही लहान नव्हे.

तरुणपणी ते नौदलात होते. लोणावळ्यास ‘आयएनएस शिवाजी’ येथे यंत्रविद्या शिकून ते ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवर बॉयलरच्या कामास लागले. १९७१ च्या युद्धसमयी तिच्या चार बॉयलरांपैकी एकास तडे गेले होते, म्हणून तिचा वेग मर्यादित ठेवावा लागे. तरीही तीच नौका बंगालच्या उपसागरात गेली व ४ डिसेंबर रोजी तिच्या विमानांनी कॉक्स बझार व चितगाव येथे मारा केला. “फादर, अधू झालेलंही कामास येतं, सांभाळून घेणारं कुणीतरी पाहिजे,” असे ते म्हणत. २०१४ साली ती नौका मोडीत निघाली, तेव्हा ते दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

नोकरीची मुदत संपल्यावर ते घरी परतले आणि पाना, पक्कड व पटाशी यांची पिशवी घेऊन गल्लीगल्लीतून हिंडू लागले. गळका नळ, बंद पडलेला पंखा, विधवेच्या घराचे निखळलेले दार, काहीही त्यांस क्षुल्लक वाटत नसे. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर मजल मारली. पूर ओसरल्यावर सत्तरीतले हे गृहस्थ चिखलाने भरलेली शिवणयंत्रे उघडून बसले. ज्यांची भाकरी त्या यंत्रावर, त्यांच्याकडून त्यांनी एक पैही घेतली नाही.

आता आमचा एक दोष कबूल करतो. मंदिरातील जुने सागवानी बाक डुगडुगू लागले, तेव्हा ते विकून प्लास्टिकच्या खुर्च्या घेण्याचे आम्ही ठरविले होते. मिस्त्रींनी एका बाकावर हात फिरविला व म्हटले, “फादर, लाकूड शाबूत हाय; नुसतं सांधं ढिलं झाल्यात.” महिनाभर खपून, पाचर ठोकून व सरस लावून त्यांनी ते सर्व बाक उभे केले. आज आपण त्यांवरच बसला आहात. त्याच सुमारास आपल्यातील दोन घराण्यांचा तंटा मिटणे अशक्य समजून आम्ही त्यांच्याकडे जाणे सोडले होते. ते वाक्य आमच्या मनास लागले. आम्ही पुन्हा त्यांच्या दारी गेलो. लाकूड खरोखरच शाबूत होते.

एक गोष्ट मात्र त्यांच्या हातांस सांधता आली नाही. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवनजीक ‘खुकरी’ ही युद्धनौका पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक जलसमाधीस गेले. त्यांत मिस्त्रींचा लोणावळ्याचा एक सोबती होता. तो आपल्या धर्माचा नव्हता व त्यास थडगेही लाभले नाही. म्हणून दरवर्षी त्या तिथीस मिस्त्री त्या सर्वांसाठी मिस्सा अर्पण करवीत व शेवटच्या बाकावर गुडघे टेकून बसत. गतवर्षी त्या तिथीपूर्वीच प्रभूने त्यांस आपल्या घरी नेले.

बंधुभगिनींनो, प्रभू येशू स्वतः सुतार होता. आणि याकोब व योहान यांस त्याने हाक मारली, तेव्हा ते आपली जाळी नीट करीत होते. सांधणाऱ्या हातांवर त्याची प्रीती आहे. यापुढे ९ डिसेंबरची ती मिस्सा हा धर्मग्राम चालवील. त्या दिवशी आपण यावे, आणि येण्यापूर्वी ज्या घराशी आपला सांधा ढिला झाला असेल, त्या घरी एकदा जाऊन यावे.

प्रभू त्यांस सार्वकालिक विसावा देवो. आमेन.