आलापल्लीचा ओंडका ट्रकवर कसा चढतो?

गडचिरोलीतल्या आलापल्लीचा साग प्रसिद्ध आहे. पण तोडलेलं झाड रस्त्यापर्यंत आणणाऱ्या माणसांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तीन मीटर लांब आणि सव्वा मीटर घेराचा ओला ओंडका तीनशे किलोंच्या पुढे भरतो. असे शेकडो ओंडके जंगलातून बाहेर काढायचे असतात.

पूर्वी हे ओढकाम हत्तींकडे असे. कमलापूरचा हत्तीकॅम्प त्याच काळाची खूण आहे. आता बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टर आणि क्रेन आले आहेत.

जिथे क्रेन पोहोचत नाही, तिथे मजुरांची युक्ती चालते. ट्रकच्या कडेला दोन भक्कम बल्ल्या तिरक्या टेकवतात. दोन दोरांचं प्रत्येकी एक टोक ट्रकवर पक्कं बांधून दोर ओंडक्याखालून घेतात आणि दुसरी टोकं वरची माणसं ओढतात. ओंडका स्वतःच कप्पीसारखा फिरत वर चढतो, त्यामुळे ताकद जवळपास निम्मीच लागते. मात्र दोन्ही दोर एकाच लयीत ओढले गेले पाहिजेत. एक बाजू मागे राहिली, की ओंडका तिरका होऊन घसरतो. म्हणून उताराखाली कुणीही उभं राहता कामा नये. ही शिस्त पाळणारा मुकादम खरा जाणता.

निघण्यापूर्वी ओंडक्यांवर वनखात्याच्या हातोड्याची छाप आणि चालकाकडे वाहतूक परवाना लागतो. पुढे बल्लारशाच्या आगारात मोजणी होते, प्रतवारी ठरते आणि लिलावासाठी थप्प्या लागतात. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये साग गेला, तो याच बल्लारशाहून.