कूलिंग टॉवरचे तुषार

जुलै १९७६. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं संमेलन झालं आणि पाठोपाठ आलेल्या न्यूमोनियाच्या साथीत २९ जण दगावले. पुढच्या वर्षी जंतू सापडला: लेजिओनेला.

तो प्रामुख्याने पाण्याच्या सूक्ष्म तुषारांतून, श्वासावाटे फुप्फुसात शिरतो. घरच्या स्प्लिट एसीला घाबरू नये. खरी काळजी मोठ्या इमारतींच्या कूलिंग टॉवरची. २० ते ४५ अंशांचं साचलेलं पाणी या जंतूला मानवतं, आणि बारामती-इंदापूरच्या उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी सहज तेवढी तापते.

२०१५ च्या साथीनंतर न्यूयॉर्कने प्रत्येक कूलिंग टॉवरची नोंदणी, तपासणी सक्तीची केली. बारामती एमआयडीसीतल्या कारखान्यांनी, इथल्या रुग्णालयांनी तशा सक्तीची वाट का पाहावी? टॉवरमधला गाळ काढावा, क्लोरीन तपासावं, गरम पाणी ६० अंशांवर साठवावं. बंद खोल्यांतले शॉवर दर आठवड्याला सोडावेत, तुषारांपासून दूर राहून.