पित्ताशय काढल्यानंतरचे दिवस

खंडाळा तालुक्यांतील शेतकरी असो, शिरवळच्या कारखान्यांतील कामगार असो, कीं लोणंदच्या बाजारांत कांद्याच्या गोण्या वाहणारा हमाल असो. पित्तखड्यांची शस्त्रक्रिया होऊन तो घरीं परतला म्हणजे एकच प्रश्न उभा राहतो : कामावर केव्हां जावयाचें? घरांतील माणसें याचीं दोन उत्तरें देतात, आणि दोन्ही चुकीचीं. एक पक्ष त्याला महिनाभर खाटेवर निजवूं पाहतो. दुसरा म्हणतो, ‘चार भोकें तर पाडलीं आहेत, त्यांत काय मोठेंसें!’

पहिल्या पक्षाची भीति जुन्या काळची आहे. बर्लिनमध्यें कार्ल लांगेनबुख यांनीं १८८२ सालीं प्रथम पित्ताशय काढलें. त्यानंतर सुमारें शंभर वर्षें ही शस्त्रक्रिया पोट उघडूनच होई, व रोग्याचा दीड-दोन महिन्यांचा रोजगार बुडे. १९९० सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहमटन उदवाडिया यांनीं भारतांत पहिल्यानें ती दुर्बिणीच्या साहाय्यानें केली. आतां बहुतेक रोगी त्याच संध्याकाळीं चार पावलें चालतात व एक-दोन दिवसांत घरीं येतात. इतक्या लवकर चालविणें ही निर्दयता नव्हे. पायांच्या शिरांत रक्त गोठूं नये यासाठीं तें अवश्य आहे. खांदा दुखल्यास घाबरूं नये. शस्त्रक्रियेच्या वेळीं पोटांत भरलेल्या वायूमुळें तो दुखतो, आणि दोन-तीन दिवसांत राहतो.

दुसऱ्या पक्षाची चूक अधिक महागांत पडते. वरची कातडी लवकर सांधते, पण तिच्याखालच्या थरांना बळकटी येण्यास चार ते सहा आठवडे लागतात. दहाव्या दिवशीं बरें वाटूं लागतें, हंगाम तोंडावर असतो, हजेरी बुडत असते. आणि माणूस गोणीला हात घालतो! बेंबीजवळच्या जखमेंतून आंतडें पुढें येऊन हर्निया झाला, तर दुसरी शस्त्रक्रिया नशिबीं येते. वांचविलेली मजुरी तिच्यापुढें कांहींच नव्हे. बैठें काम एक-दोन आठवड्यांनीं सुरू करण्यास सहसा हरकत नसते. ओझीं व खोदाई यांसाठीं मात्र दीड महिना थांबावें. पोट उघडून शस्त्रक्रिया झाली असल्यास त्याहूनही अधिक.

आहाराचा उगीच बाऊ होतो. पित्त यकृतांत तयार होतें. पित्ताशय ही त्याची केवळ कोठी. कोठी गेली तरी पित्त थेट आंतड्यांत येत राहतें. पहिले कांहीं आठवडे तेलकट बेतानें खावें. एखाद्यास पातळ शौचास होतें, तें बहुधा आपोआप थांबतें. पिठलें-भाकरी जन्मभर वर्ज्य करण्याचें कारण नाहीं.

ताप, डोळ्यांत पिवळेपणा, वाढती पोटदुखी, जखमेंत पू किंवा न थांबणारी उलटी दिसल्यास मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहतां त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें; रात्र असली तरी.