दरी डाव्या हाताला नको



पाऊस पडला की आपल्यापैकी अनेकजण गाडी काढून घाटांकडे निघतात. अशा बऱ्याच गाड्यांत एक माणूस गप्प असतो. घाट लागला की आत्या डोळे मिटून रामरक्षा सुरू करतात. मेहुण्यांची बोटं दारावरच्या मुठीला घट्ट आवळली जातात. बाकीचे ओरडत असतात, "अहो, बघा तरी, केवढा धबधबा!" आज मला उंचीला घाबरणाऱ्या त्या गप्प माणसाबद्दल आणि त्याला बरोबर घेऊन रस्ता कसा आखावा याबद्दल बोलायचं आहे.

पहिली गोष्ट, हा माणूस विरळा नाही. जर्मनीतल्या एका मोठ्या पाहणीत २८ टक्के प्रौढांनी उंचावर गेल्यावर कधी ना कधी असा त्रास झाल्याचं सांगितलं. यामागे शरीराचं एक साधं कारण आहे. आपण उभे असतो तेव्हा शरीर सतत किंचित झुलत असतं. जवळची भिंत, झाड, जमीन यांच्याकडे पाहून डोळे ते झुलणं ओळखतात आणि शरीर सावरलं जातं. कड्याच्या टोकाशी जवळ पाहण्यासारखं काहीच उरत नाही. सगळं दूर आणि खोल असतं, म्हणून डोळ्यांचा तो आधार सुटतो आणि पाय लटपटतात. याला भित्रेपणा म्हणणं अन्याय आहे. गाडीत पाठीला आसन असतं, तिथे तोल जात नाही. तिथली भीती वेगळी आहे. पुढच्या वळणावर काय उघडेल ते ठाऊक नसतं आणि चाक दुसऱ्याच्या हातात असतं. (अंथरुणावर कूस बदलतानासुद्धा चक्कर येत असेल तर तो कानाचा विकार असू शकतो, डॉक्टरांना दाखवा.)

आपल्या घरांत यावर एकच औषध चालतं. "काही होत नाही, मी आहे ना," असं म्हणून त्या माणसाला हाताला धरून कठड्यापर्यंत न्यायचं. मला हे मनापासून खटकतं. जर्मन कवी गटे तरुणपणी स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर पुन्हापुन्हा चढून या भीतीवर मात करत असे, असं त्यानेच आत्मचरित्रात लिहिलं आहे. हळूहळू सवय करण्याचा तो मार्ग आजचे मानसोपचारतज्ज्ञही वापरतात आणि त्याचा गुण येतो. पण गटे स्वतः ठरवून चढला होता. त्याला कोणी ओढत नेलं नव्हतं आणि मागून कोणी फोटो काढत नव्हतं. चार दिवसांच्या सहलीत कुणावर न विचारता उपचार करायला जाऊ नये. सहलीत रस्ता निवडावा.

रस्ता निवडताना सर्वांत उपयोगी गोष्ट अगदी साधी आहे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो. डाव्या हाताला डोंगर असेल तर आपली गाडी डोंगराला बिलगून जाते आणि दरी व आपण यांच्यामध्ये समोरून येणाऱ्या गाड्यांची पूर्ण पट्टी राहते. त्याच रस्त्याने उलट आलात की दरी चाकाखालीच आल्यासारखी वाटते. नागमोडी घाटात दर वळणाला बाजू बदलते, तिथे या नियमाचा उपयोग नाही. पण डोंगराच्या कडेकडेने जाणाऱ्या रस्त्यांवर, आणि विशेषतः आपल्या किनाऱ्यावर, सगळा फरक दिशेने पडतो. कोकणात समुद्र पश्चिमेला आहे. उत्तरेकडून दक्षिणेला निघालात की जमीन डाव्या हाताला राहते. आरे-वारेचा रस्ता घ्या. समुद्राच्या वर डोंगराच्या अंगाने तो जातो. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे आलात तर तो रस्ता सुसह्य होतो. रत्नागिरीहून निघालात तर तीच वळणं अंगावर येतात.

म्हणून माझी शिफारस उत्तरेकडून दक्षिणेला जाणाऱ्या कोकणच्या सहलीची आहे, आणि तीही पावसाळ्यात नाही, दसरा-दिवाळीच्या सुमारास. डोंगर अजून हिरवे असतात, हवा धुतलेली असते, दरडींची धास्ती कमी असते आणि खाडीतल्या फेरीबोटी खराब हवेमुळे बंद राहण्याचा प्रश्न सहसा येत नाही. पुणेकरांना सह्याद्री एकदा उतरावाच लागतो. तो ताम्हिणी किंवा वरंध्याने उतरू नका. द्रुतगती मार्गाचा बोरघाट रुंद आहे, मध्ये बोगदे आहेत, समोरून गाडी येत नाही. खोपोलीला बाहेर पडून पाली, वाकण, माणगाव, म्हसळा असं दिवेआगरला या. तिथून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता पाण्याच्या इतक्या जवळून जातो की समुद्र डोळ्यांच्या पातळीवर दिसतो. उंचीला घाबरणाऱ्या माणसाला हा रस्ता दाखवा आणि त्याचा चेहरा पाहा. पुढे बागमांडल्याहून वेश्वीला गाडीसकट फेरीबोटीतून सावित्रीची खाडी ओलांडायची, दाभोळहून धोपाव्याला वाशिष्ठीची, तवसाळहून जयगडला शास्त्रीची. मधल्या गावांना चढउतार आहेत, नाही असं नाही. पण ते सांगून ठेवता येतात.

सांगून ठेवणं, हा यातला अर्धा भाग आहे. आदल्या रात्री नकाशा त्याच माणसासमोर उघडा. कुठे चढ आहे, तो साधारण किती वेळ चालेल, थांबायला सुरक्षित जागा कुठे आहे, हे त्याला कळू द्या. नको असलेला रस्ता त्याने खोडला तर वाद घालू नका. गाडी शक्यतो बुटकी असावी. उंच गाडीतून कठड्यावरून थेट दरी दिसते, छोट्या गाडीत बऱ्याचदा कठडाच दरी झाकतो. कुणाला पुढे बसून लांबचा रस्ता पाहत राहिलं की बरं वाटतं, कुणाला मागे मधल्या जागेवर. काहींना चाक स्वतःच्या हाती असलं तर निम्मी भीती जाते. पण घाटात हातपाय गार पडणाऱ्याने चालवूच नये. कुठे बसायचं आणि चालवायचं का, ते त्यालाच विचारा. आणि चालवणाऱ्याने वळणावर ओव्हरटेक करायचा नाही, दरीकडे बोट दाखवून बोलायचं नाही, "थांब" म्हटलं की पहिल्या सुरक्षित जागी थांबायचं.

बाकीच्यांना पॉइंट पाहायचे असतील तर जरूर पाहावेत. मात्र घाबरणाऱ्या माणसाला कड्यालगतच्या पार्किंगमध्ये गाडीत बसवून ठेवू नका. आधी त्याला देवळात, चहाच्या टपरीवर, सावलीत सोडा, किती वाजता परत येणार ते सांगा आणि ती वेळ पाळा.

आता एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. सह्याद्री पाहायचा म्हणजे वर जाऊन खाली पाहायचं, असं आपल्या मनात पक्कं बसलं आहे. आर्थर सीटवर उभं राहिलं तरच महाबळेश्वर पाहिलं, असं आपण मानतो. पण सह्याद्रीचा खरा पुरुषार्थ कोकणातून दिसतो. वरून दरी दिसते, खालून पर्वत दिसतो. घाटमाथ्यावरून हे कडे पायाखाली जातात. तळातून ते आभाळापर्यंत उभे राहतात, त्यांच्यावरचे कातळाचे थर मोजता येतात. हे पाहायला धीर लागत नाही, मान वर करावी लागते. ज्याला आपण सहलीत अडचण समजतो, त्याच्यामुळे आपल्याला हा पर्वत पाहायला मिळू शकतो.

त्यासाठी परतीचा रस्ता आतून घ्या. रत्नागिरीहून आंबा किंवा कुंभार्ली घाटाने वर चढू नका. महामार्गाने चिपळूण, खेड असं उत्तरेला या. वाटेत परशुराम घाट आहे, त्याची कल्पना आधी द्या. कशेडीचा घाट आता बोगद्याने टळतो. रत्नागिरीहून सकाळी जरा उशिराच निघा, कारण सह्याद्रीच्या पश्चिम अंगावर ऊन दुपारनंतर पडतं आणि पोलादपूर-महाडच्या पट्ट्यात तुम्ही तेव्हाच पोचायला हवं. उत्तरेला येताना डोंगर उजव्या हाताला असतो, म्हणून मागच्या आसनावरची उजवी खिडकी त्या वेळी त्या गप्प माणसाला द्या.