२३५ रुपयांची गोष्ट

डाव्या विचारांचे सिनेमे म्हटलं की घोषणा आणि लाल झेंडे आठवतात ना? मग १९५३ चा 'दो बिघा जमीन' बघाच. दिग्दर्शक बिमल रॉय. कथा सलील चौधरींची, हिरो बलराज साहनी. हे दोघंही इप्टाचे, म्हणजे १९४३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या डाव्या नाट्यचळवळीतले. आपले अण्णाभाऊ साठेसुद्धा तिथलेच.

या सिनेमात घोषणांपेक्षा हिशोब महत्त्वाचा. शंभू शेतकऱ्याला वाटतं, कर्ज ६५ रुपये आहे. जमीनदाराच्या वहीत निघतात २३५! कोर्ट तीन महिने देतं. मग शंभू कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो. एक गिऱ्हाईक म्हणतं, पुढची रिक्षा गाठ, जास्त पैसे देतो. शंभू पळतो. अजून जोरात, अजून पैसे. आणि चाक निखळतं.

मी ॲप बनवणारा माणूस, त्यामुळे हा सीन मला जरा जास्तच टोचतो. इन्सेंटिव्ह वाढवून डिलिव्हरीवाल्याला पळवायचं, तेच लॉजिक की! बरं, ते गिऱ्हाईक काही व्हिलन नाही, स्वतःच्या धुंदीत आहे फक्त. माझ्या मते डावी नजर ती हीच. माणूस वाईट नसला तरी व्यवहार चिरडतोच.

शेवटी जमीन जाते, तिथे कारखाना उभा राहतो. शंभू मूठभर माती उचलतो, तर रखवालदार तीही टाकायला लावतो.

इप्टाचेच ख्वाजा अहमद अब्बास 'आवारा'च्या लेखनात होते, राज कपूरच्या! त्यांच्यावर पुढच्या भागात बोलू.