जळालेल्या खानेसुमारीतली माणसे

आज आपण आयर्लंडला जाणार आहोत. पूर्वजांचा माग काढणाऱ्यांची तिथे जशी कोंडी झाली, तशी फार थोड्या देशांत झाली असेल.

30 जून 1922. आयर्लंडमधल्या यादवी युद्धाचा तिसरा दिवस. डब्लिनच्या 'फोर कोर्ट्‌स' या न्यायालयाच्या वास्तूत बंडखोर ठाण मांडून बसलेले, बाहेरून नव्या सरकारच्या तोफा चालू. प्रचंड स्फोट झाला आणि आवारातले अभिलेखागार पेटले. सात शतकांचे कागद गेले. 1821 ते 1851 या काळातल्या चार खानेसुमाऱ्या त्यांत होत्या; काही तुकडे तेवढे वाचले. बटाट्याचे पीक बुडून पडलेल्या दुष्काळाआधी कोणत्या घरात कोण नांदत होते आणि नंतर कोण उरले, हे सांगणारे तेच कागद.

पण सगळा दोष आगीला देऊ नका. 1861 आणि 1871 चे घरोघरचे तक्ते बेरजा झाल्यावर सरकारनेच नष्ट करवले. 1881 आणि 1891 चे पहिल्या महायुद्धात कागदटंचाई म्हणून लगद्याला गेले. सरकारला आकडा हवा होता. तो हाती आला, की माणसाचे नाव रद्दीत! मला आगीपेक्षा हे अधिक टोचते.

म्हणून शोधाची सुरुवात 1901 आणि 1911 पासून होते. या दोन खानेसुमाऱ्या शाबूत आहेत आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्या इंटरनेटवर विनामूल्य खुल्या केल्या आहेत. 1911 मध्ये विवाहितेला विचारले होते: लग्नाला किती वर्षे झाली, मुले किती जन्मली, आज हयात किती. शेवटचे दोन आकडे शेजारीशेजारी असतात. वजाबाकी वाचणाऱ्याने करायची.

वयावर मात्र विसंबू नये. दहा वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारी झालेली माणसे या तक्त्यांत सर्रास भेटतात. मधे 1908 चा वृद्ध पेन्शनचा कायदा आला होता, आणि पेन्शन सत्तरीला मिळे. सर्वांची जन्मनोंदणी 1864 पासूनची. त्याआधी जन्मलेल्याने वयाचा दाखला आणायचा कुठून? मग अर्जदार आईबापांची नावे आणि गाव लिहून देई, आणि डब्लिनचा कारकून 1841 किंवा 1851 च्या तक्त्यांत ते घर शोधून उतारा काढी. पुढे मूळ तक्ते जळाले, पण हे अर्ज राहिले. कुणा गरीब म्हातारीला पेन्शन हवी होती, म्हणून तिचे अख्खे घर आज आपल्याला सापडते.

चर्चच्या वह्यांची गोष्टही अशीच. सरकारमान्य प्रोटेस्टंट पंथाच्या कितीतरी वह्या सुरक्षित राहाव्यात म्हणून डब्लिनला नेल्या होत्या, त्या जळाल्या. कॅथलिकांच्या वह्या गावोगावच्या पाद्र्यांकडे होत्या, त्या वाचल्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांच्या मायक्रोफिल्म घेतल्या आणि 2015 मध्ये त्यांची छायाचित्रे सर्वांसाठी खुली केली. बऱ्याच नोंदी लॅटिनमध्ये आहेत, तिथे जेम्सचा जाकोबुस होतो. अक्षर किरटे, शाई उडालेली. तरी बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचे माहेरचे आडनाव बहुधा असते आणि धर्ममातापित्यांची नावे असतात. ती माणसे पुष्कळदा मामा, मावशी, आत्या अशी नात्यातलीच निघतात. लग्न सहसा वधूच्या गावी लागे, म्हणून आईचे आडनाव मिळाले की शेजारच्या गावांच्या वह्या उघडायच्या. आजोळ बहुतेक तिथेच सापडते.

आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, गोव्यातल्या चर्चची बाप्तिस्म्याची दप्तरे आहेत. पण जनगणनेच्या नोंदी 1948 च्या कायद्याच्या 15 व्या कलमाने कुणालाच पाहता येत नाहीत, नातवाला आजोबाच्या घराच्यासुद्धा नाहीत. हयात माणसाची माहिती गुप्त राहावी, हे रास्तच आहे. पण शंभर वर्षांनंतर कुणाला जपायचे? 2027 च्या जनगणनेत माहिती मोबाइलवर नोंदवली जाणार आहे, तेव्हा कागद ठेवायच्या जागेची अडचणही उरणार नाही. घरोघरच्या नोंदी जपून ठेवा आणि शंभर वर्षांनी खुल्या करा, ही मागणी आपण त्याआधीच करायला हवी.